सायप्रसच्या रस्त्यांवर आठ दिवस

आमच्या कचेरीत परदेशप्रवासाच्या ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज दिला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारले, "सायप्रस? हे कुठे आले?" भूमध्य समुद्रात, तुर्कस्तानच्या दक्षिणेला, असे आम्ही सांगितले. "आणि तिथे काय आहे?" याचे उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. आज विचारले तर सांगता येईल, पण साहेब निवृत्त होऊन गावी गेले. म्हणून ते वाचक बंधू-भगिनींना सांगतो.

आमच्यासारख्या कारकुनाने युरोपच्या उंबऱ्यावरचे बेट बघायला जावे, तेही भाड्याची गाडी स्वतः चालवत, ही कल्पना आमची नव्हे. ती आमच्या मेहुण्यांची. ते अबुधाबीला एका बांधकामाच्या ठिकाणी भांडारपाल आहेत. त्यांचे म्हणणे असे की, "दाजी, सहलवाल्यांबरोबर गेलात तर सकाळी सहाला उठवतात, दहा मिनिटे थांबवतात आणि फोटो काढून पुढे पळवतात. आपण चौघे आहोत. गाडी घेतली तर स्वस्त पडेल आणि पाहिजे तिथे थांबता येईल." सायप्रसच का, तर तिथे आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने चालतात. १८७८ ते १९६० इंग्रजांचे राज्य होते, त्याची ही खूण. पतपेढीतली पाच वर्षांची आवर्ती ठेव त्याच सुमारास पिकली होती. तिच्यातून आमच्या घराचा गिलावा व्हायचा होता. तो राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता, बारावी झालेली कन्या आणि अबुधाबीहून येऊन मिळालेले मेहुणे असे चौघे लार्नाका विमानतळावर उतरलो. फेब्रुवारी हा तिथला गर्दीचा हंगाम नव्हे. भाडी उतरलेली असतात आणि ऊन आपल्याकडच्या डिसेंबरसारखे मऊ असते.

गाडी ताब्यात घेताना आर.टी.ओ.तून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि आपला मूळ परवाना असे दोन्ही दाखवले. भाड्याच्या गाड्यांना तिथे लाल पाटी असते. लाल पाटी दिसली की स्थानिक लोक जरा अंतर ठेवूनच चालतात. पाहुणा आहे, चुकणारच, असा हिशेब. आणि पाहुणा पहिल्या पाच मिनिटांतच चुकला. मेहुण्यांनी मोठ्या तोऱ्यात चाके फिरवली, पण अकरा वर्षे आखातात उजव्या बाजूने चालवलेली गाडी त्यांच्या अंगात भिनलेली. पहिल्याच सर्कलला ते उलटे शिरले. समोरून ट्रक. त्यांच्या बहिणीने, म्हणजे आमच्या पत्नीने, जी किंकाळी फोडली ती आम्ही वीस वर्षांच्या संसारात ऐकली नव्हती. ट्रकवाला थांबला, हात जोडल्यासारखे काहीतरी केले आणि निघून गेला. पुढच्या वळणावर किल्ली आमच्या हाती आली ती शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. खंबाटकी आणि पसरणीचा घाट जुन्या मारुतीने चढणाऱ्या माणसाला तिथले रस्ते म्हणजे गालिचाच. मोठ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, टोलनाका एकही नाही. सर्कलमध्ये आधीपासून असलेल्याला, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला, वाट द्यायची. एवढे पाळले की झाले. बघण्यासारख्या ठिकाणांच्या पाट्या तपकिरी रंगाच्या असतात. तपकिरी पाटी दिसली की कन्या ओरडायची आणि आम्ही वळायचो.

बेट केवढे? सगळे मिळून ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याहूनही थोडे लहान. भूमध्य समुद्रातल्या बेटांत सिसिली आणि सार्डिनिया यांच्या खालोखाल मात्र हेच.

लार्नाका गावातच एक रस्ता जनरल तिमाया यांच्या नावाचा आहे. हे आपले जनरल थिमय्या. सायप्रस स्वतंत्र झाल्यावर तीनच वर्षांत, १९६३ च्या डिसेंबरात, तिथले ग्रीकभाषी आणि तुर्कभाषी एकमेकांवर उठले. १९६४ साली संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवली. तिचे पहिले प्रमुख जनरल ग्यानी, दुसरे थिमय्या. १९६५ च्या डिसेंबरात कामावर असतानाच थिमय्यांचा या बेटावर मृत्यू झाला. सायप्रसने त्यांचे टपाल तिकीटही काढले. पाटीखाली उभे राहून मेहुण्यांनी फोटो काढला. आम्हाला आणखी मागचे आठवत होते. इंग्रजांनी १८७८ मध्ये हे बेट तुर्की सुलतानाकडून कारभारासाठी घेतले तेव्हा जी फौज उतरवली तिच्यात मुंबईहून माल्टामार्गे आणलेले हिंदी शिपाई होते. मुंबई फौजेत त्या काळी आपल्या लोकांची भरती चालू होती. ती पुढे इंग्रजांनीच बंद केली. साताऱ्यातल्या पेन्शनर शिपायांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, त्यामुळे लार्नाकाच्या किनाऱ्यावर बूट वाळूत रुतले तेव्हा तेवढे मनात येऊन गेले.

गावाला लागूनच खारे तळे आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. तळ्याच्या काठावर खजुरीच्या झाडांच्या सावलीत हाला सुलतान टेक्के ही जुनी मशीद आहे. रोहित आपल्याकडे शिवडीला आणि उजनीलाही येतात, पण उजनीला ते बघायला आम्ही कधी गेलो नाही. ते बघायला सायप्रस गाठावे लागले, यावर कन्येने आम्हाला बरेच ऐकवले.

दुसऱ्या दिवशी हिरोकिटिया. डोंगराच्या उतारावर नऊ हजार वर्षांपूर्वीच्या गोल घरांचे पाये आहेत. दगडमातीची ती घरे एकमेकांना खेटून, आणि घरातले माणूस मेले की त्याच घराच्या जमिनीखाली पुरायचे. वस्तीला बाहेरून भिंतही होती. तिथून लेफकारा. हे लेसच्या भरतकामाचे गाव. आमच्या पत्नी बचत गटात भरतकाम शिकवतात. त्यांनी एका आजीबाईंच्या समोर बसून पाऊण तास टाका कसा घालतात ते पाहिले. एकमेकींची भाषा एक शब्द कळत नव्हती, तरी दोघींचे बोलणे चालूच होते. शेवटी रुमाल घेतला. भाव सांगत नाही.

कुरिऑनचे रोमन नाट्यगृह, समुद्राकडे तोंड केलेले, पेत्रा तू रोमिऊचा खडक, जिथे अफ्रोदिती ही प्रेमाची देवता फेसातून जन्मली म्हणतात, पाफोसची चित्रफरशी. ही तीन ठिकाणे प्रत्येक पुस्तकात असतात, म्हणून इथे लांबवत नाही. चित्रफरशीचे मात्र सांगावेसे वाटते. १९६२ साली शेत नांगरताना ती अचानक सापडली. खड्या-खड्यांनी जुळवलेली शिकार, द्राक्षे, मोर, सगळे सतरा-अठराशे वर्षे मातीखाली जसेच्या तसे राहिले.

जेवणाचे हाल होतील म्हणून पत्नींनी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. तशीच परत आली. पाफोसच्या खाणावळीत पहिल्याच दिवशी चवळी पुढे आली. उकडलेली चवळी, तिच्यात पालेभाजी, वरून ऑलिव्हचे तेल आणि लिंबू. हलुमी नावाचे चीज आपल्या पनीरसारखे, पण निखाऱ्यावर भाजले तरी वितळत नाही. आणि 'कोलोकासी' म्हणून डुकराच्या मांसाबरोबर शिजवून दिलेली भाजी तोंडात घालताच पत्नी म्हणाल्या, "अहो, या तर अळकुड्या!" खरोखरच अळूचे कांदे. आपल्या मावळ्यांच्या घरात अळकुडी, इथेही अळकुडी. मेहुण्यांनी दोनदा मागून घेतली.

शुक्रवारी आम्ही पाफोस सोडून त्रूदोस डोंगराकडे निघालो. मोठ्या रस्त्याने न जाता कुक्लियापासून दियारिझोस नदीच्या खोऱ्यातला लहान रस्ता धरला. बदामाची झाडे फुलली होती, पानाआधी फूल, आपल्या पळस-पांगाऱ्यासारखे. वाटेत सुस्किऊची पाटी दिसली आणि कन्या ओरडली. थोडे आत गेलो तर गाव. म्हणजे घरे. दगडी भिंती उभ्या, छपरे खाली आलेली, कमानीच्या दारातून आत गवत. एका घराच्या भिंतीत कोनाडा आणि त्यात काजळीचा डाग, दिवा ठेवायचा असणार. दुसऱ्या घरात मेंढ्या बांधल्याच्या खुणा. माणूस कुणी नाही. आम्हाला वाटले भूकंप झाला असेल. मेहुणे म्हणाले धरणात गेले असेल. पण पाणी तर खाली नदीत, हातभर. कोयनेचे विस्थापित आम्ही जवळून पाहिले आहेत. बुडालेल्या गावाची कळा वेगळी असते. हे गाव कुणी तरी एका दिवसात उठून सोडले होते, एवढे दिसत होते. पत्नींनी आत पाऊल टाकू दिले नाही. "लोकाचे घर आहे," म्हणाल्या.

वर त्रूदोसला सावलीतल्या वळणांवर बर्फ होता. ऑलिंपस शिखर १,९५२ मीटर, म्हणजे कळसूबाईहून तीनशे मीटरने उंच. बर्फ हातात घेऊन झाला, फोटो झाले, मेहुण्यांच्या बुटात पाणी गेले. उतरताना अमियांतोसची खाण लागते. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापून काढलेला. इथे १९०४ पासून १९८८ पर्यंत ॲस्बेस्टॉस काढले जायचे. ज्या धुळीने फुप्फुसे जातात ती धूळ हजारो कामगारांनी, बायकांनीसुद्धा, कित्येक वर्षे श्वासात घेतली. आता त्या पायऱ्यांवर माती टाकून झाडे लावली आहेत. कामगार चळवळीतल्या वाचकांसाठी एक नोंद. १९४८ साली या बेटावरच्या तांब्याच्या खाणीत मोठा संप झाला. त्यात ग्रीकभाषी आणि तुर्कभाषी कामगार एकत्र उतरले होते आणि तो कित्येक महिने टिकला. पंधरा वर्षांनी त्यांचीच मुले एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली.

रात्रीचा मुक्काम काकोपेत्रियाला. ओढ्याकाठचे जुने गाव, लाकडी सज्जे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेले घरमालक. लिमासोलच्या हॉटेलात चाळीस वर्षे नोकरी केल्याने त्यांचे इंग्रजी आमच्यापेक्षा बरे. शेकोटीपाशी बसवून त्यांनी आम्हाला एकेक करून विचारले, काय करता. आम्ही म्हणालो, सरकारी कचेरीत कारकून, महसुलाचे दप्तर सांभाळतो. म्हातारबाबा उठले, आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून आमच्या हातात दिला. "मग हे वाचा," म्हणाले.

इंग्रजांच्या काळचा जमिनीचा दाखला होता, त्यांच्या वडिलांच्या नावाचा. नकाशाचा अंक, भूखंडाचा अंक, चतुःसीमा आणि क्षेत्र 'दोनम'मध्ये. एक दोनम म्हणजे आपले तेरा गुंठे धरा. सात दोनम, लिंबाची बाग, मोर्फूजवळचे एक खेडे. आम्ही मोठ्याने वाचले. ते डोळे मिटून ऐकत होते, जणू त्यांना पाठ नसावे.

काकोपेत्रियाचे खोरे सरळ उत्तरेला मोर्फूच्या सपाटीवर उतरते. गाडीने पाऊण तासही लागू नये. पण मध्ये रेषा आहे. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने सायप्रसमध्ये बंड झाले, अध्यक्ष मकारिओस यांना पळावे लागले. पाच दिवसांनी तुर्कस्तानने उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरवले. ऑगस्टपर्यंत बेटाचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीकभाषी दक्षिणेला पळाले. पुढच्या वर्षी व्हिएन्नात ठरले आणि दक्षिणेतले तुर्कभाषी उत्तरेला गेले. उत्तरेत १९८३ साली वेगळे राष्ट्र जाहीर झाले, त्याला तुर्कस्तानखेरीज कुणीही मान्यता दिलेली नाही.

म्हातारबाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे. "कोंबड्या सोडून आलो," म्हणाले. "दोन-तीन दिवसांनी परत येऊ म्हणून कोंबड्यांना पाणी भरून ठेवले होते."

एप्रिल २००३ मध्ये एकोणतीस वर्षांनी रेषेवरची दारे उघडली तेव्हा ते रात्रभर रांगेत उभे राहून गावी गेले. घर होते. दार एका तुर्कभाषी बाईने उघडले. ती म्हणाली, तुम्हीच का ते, मी तुमची वाट बघत होते. तिने घर दाखवले, कॉफी दिली, त्यांच्या आईचा एक फोटो जपून ठेवला होता तो दिला. ती स्वतः पाफोसकडच्या एका खेड्यातली. तिचेही घर इकडे पडलेले. तिने विचारले, आमच्या गावाकडे कधी गेला होतात का? यांनी खोटेच सांगितले, हो, घर चांगले आहे. निघताना तिने बागेतली पाच लिंबे आणि एक रोप दिले. ते रोप आता अंगणात छपराएवढे झाले आहे.

सुस्किऊचे कोनाडे आम्हाला तेव्हा समजले. पत्नी म्हणाल्या, "बरे झाले आत गेलो नाही."

इथे वाचकांपाशी एक गोष्ट बोलली पाहिजे. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या नावाने निघालेल्या आणि पुढे 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांच्यात झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीचा दाखला दिला आहे. अल्पसंख्याकांचा प्रश्न कायमचा सोडवायचा तर तो इतिहास अभ्यासा, असे त्यांचे सांगणे. आमच्या अभ्यासवर्गात हा भाग आम्ही दरवर्षी शिकवतो. फळ्यावर दोन रकाने आखतो, इकडून तिकडे गेलेले, तिकडून इकडे आलेले, आणि खाली बेरीज. १९४७ साली आपल्याकडे कसलीही तयारी न करता माणसे मेली, तेव्हा बाबासाहेबांचे आधीच ऐकायला हवे होते, हेही सांगतो. ते आजही सांगू. करार करून, सरकारांनी जबाबदारी घेऊन केलेली अदलाबदल वेगळी आणि तोफांच्या आवाजाने झालेली पळापळ वेगळी, हा फरक आम्हाला कळतो. पण वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही इतकी वर्षे आमच्या हे ध्यानात आले नव्हते की त्या रकान्यांत माणसे मांडली, जमीन मांडलीच नाही. सायप्रसमध्ये माणसांची अदलाबदल पन्नास वर्षांपूर्वी झाली. जमिनीची अजून झालेली नाही. दक्षिणेतली तुर्कभाषींची घरे-शेते सरकार 'पालक' म्हणून सांभाळते, मालक तेच. उत्तरेतल्या बागांचे दाखले अशा बिस्किटांच्या डब्यांत आहेत. २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या एकीकरणाच्या योजनेवर दोन्हीकडे मतदान झाले. तुर्कभाषींच्या बाजूने ६५ टक्के 'हो' म्हणाले, ग्रीकभाषींच्या बाजूने ७६ टक्के 'नाही'. म्हातारबाबांना विचारले, तुम्ही काय मत दिले? ते म्हणाले, "मी नाही म्हणालो. बायको हो म्हणाली. आठवडाभर बोलत नव्हतो."

प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद आमच्या ओळखीचा होता. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली, पण वतनाच्या जमिनीचे जुने उतारे अशाच पिशवीत घेऊन आमच्या समाजातले म्हातारे अजून तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसलेले असतात. त्यांच्याबरोबर आम्ही किती फेऱ्या घातल्या असतील त्याची मोजदाद नाही. सही करणाऱ्याला तो कागद म्हणजे एक प्रकरण असते. आणणाऱ्याच्या हातात तो कसा धरलेला असतो, ते काकोपेत्रियालाही तसेच होते.

शनिवारी असिनूचे भित्तिचित्रांचे जुने देऊळ, म्हणजे चर्च, पाहिले. बर्फ साचू नये म्हणून दगडी चर्चवर कौलारू उतरते छप्पर घालायची तिथली पद्धत आमच्या कोकणच्या घरांची आठवण करून देते. रविवारी सकाळी निघताना म्हातारबाबांनी झाडावरची लिंबे तोडून दिली. पैसे घेतले ते फक्त खोलीचे.

निकोसिया ही राजधानी. भोवती व्हेनिसच्या लोकांनी सोळाव्या शतकात बांधलेला अकरा बुरुजांचा वाटोळा तट. त्या वर्तुळाच्या बरोबर मधून रेषा गेलेली. १९६३ मध्ये एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ती ओढली म्हणून तिचे नाव हिरवी रेषा. आज बेटभर ती १८० किलोमीटर लांबीचा पट्टा आहे. कुठे सात किलोमीटर रुंद, तर या जुन्या शहरात कुठे कुठे एका गल्लीएवढाच. गल्ल्या पिंपांनी, वाळूच्या पोत्यांनी बुजवलेल्या. एका बाजूला चहा-कॉफीच्या खुर्च्या मांडलेल्या आणि खुर्चीच्या पाठीला पिंप. बेपत्ता झालेल्या दोन हजार दोन माणसांची यादी दोन्ही बाजूंची मिळून आहे. त्यांची हाडे शोधून घरच्यांना देण्याचे काम दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकत्र करतात. लेड्रा स्ट्रीट नावाच्या बाजाराच्या रस्त्यावरचा अडसर ३ एप्रिल २००८ रोजी निघाला. तिथे आता पारपत्र दाखवून पायी पलीकडे जाता येते. आम्ही खिडकीपर्यंत गेलो. मेहुण्यांना जायचे होते. आमचा व्हिसा एका प्रवेशाचा, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाने मान्यता नसलेल्या राज्यात शिरावे की नाही, हे ना-हरकत दाखल्यात लिहिलेले नव्हते. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेही कारकूनच." ते खरे आहे. आम्ही परतलो.

रविवार असल्याने शहराच्या बागेत आशियाई बायकांचे घोळके बसले होते. नेपाळी, श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या, आणि आपल्याकडच्याही. घरकामाला, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला आलेल्या. आठवड्याची त्यांची हीच सुट्टी. पश्चिम गोदावरीकडची एक बाई कुवेतला राहिल्याने हिंदी बोलत होती. चार वर्षे इथे आहे. "तुम्ही फिरायला आलात? आपले लोक इथे फिरायला येतात?" असे तिने दोनदा विचारले. मग फोनमधले फोटो बघायला मागितले. अफ्रोदितीचा खडक बघून म्हणाली, हा कुठे आहे? आम्ही रस्ता सांगितला, दीड तासाचा. तिने मान हलवली. पत्नींनी चटणीची न उघडलेली पुडी तिला दिली. तेवढे तरी ओझे कमी झाले असे आम्हाला हसत म्हणाल्या, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होत्या.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचे. लार्नाकाहून अर्ध्या तासाच्या आत पिला हे गाव आहे. रेषेच्या पट्ट्याच्या आतच, आणि ग्रीकभाषी-तुर्कभाषी अजून एकत्र राहतात असे त्या पट्ट्यातले हे एकच गाव. चर्च आहे, मशीद आहे, चौकात संयुक्त राष्ट्रांची चौकी. कॉफीची दुकाने दोन. एकाचे गिऱ्हाईक ग्रीकभाषी, दुसऱ्याचे तुर्कभाषी. वेगळ्या पाणवठ्याची गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, त्यामुळे आमची नजर आधी तिकडेच गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये इथेच एका रस्त्याच्या बांधकामावरून उत्तरेकडच्या पोलिसांनी शांतिसैनिकांना मारहाण केली होती. आम्ही गेलो तेव्हा मात्र चौकात दोन मांजरे आणि भाजीचा टेम्पो.

आम्ही आधी एका दुकानात बसलो, मग मुद्दाम दुसऱ्यात. दोन्हीकडे लांब दांड्याच्या लहान भांड्यात उकळलेली, खाली गाळ बसणारी तीच कॉफी. एकीकडे तिला सायप्रसची कॉफी म्हणतात, दुसरीकडे तुर्की. दुसऱ्या दुकानातल्या मालकाने विचारले, आधी तिकडे प्यालात ना? कशी होती? आम्ही म्हणालो, थोडी गोड. तो म्हणाला, "तो माझा वर्गमित्र. शाळेपासून साखर जास्त टाकतो." शाळा तर वेगवेगळ्या असतील, असे आम्ही म्हणालो. "हो," तो म्हणाला, "पण मधली सुट्टी एकाच वेळी व्हायची."

गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलीने चारी बाजूंनी फिरून ओरखडे तपासले, पेट्रोलचा काटा पाहिला. आठ दिवसांत ५४० किलोमीटर झाले होते. मागच्या सीटवर एक लिंबू राहिले होते, ते तिने आणून दिले. फळ-भाजी घेऊन विमानात अडचण नको म्हणून आम्ही ते तिलाच ठेवून घ्यायला सांगितले. तिने वास घेतला आणि विचारले, "हे कुठले?" काकोपेत्रियाचे, असे आम्ही म्हणत होतो, तेवढ्यात पत्नी मध्येच म्हणाल्या, "मोर्फूचे."